ईश्वर फिटर आणि बिनक्लचची गाडी

सोलापुरात विजापूर रोडच्या अलीकडे एका वस्तीत ईश्वर फिटर राहतो. त्याला आडनावानं कुणी ओळखत नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेअरबॉक्स बांधण्यात त्याची हयात गेली, निवृत्त होऊन तो घरी बसला, तरी 'फिटर' काही त्याला सोडून गेला नाही. माणूस कामाचा पक्का आणि बढाईखोरही तेवढाच. डेपोच्या फाटकातून गाडी आत शिरली की चहाचा कप खाली न ठेवता तो म्हणायचा, "अक्कलकोट गाडी. तिसऱ्या गेअरचा दात गेलाय." यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं त्यानं इतक्या वेळा सांगितलं होतं की आता वस्तीत तेही खरंच मानतात.

बढाई मारायला त्याच्याकडे दुसरा एक विषय होता, तो म्हणजे त्याची लेक तेजश्री. लहानपणी तापाचं निमित्त झालं आणि तिचा डावा पाय लुळा पडला. ईश्वरनं तिला आधी खांद्यावर आणि मग सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत पोचवलं. तिचं डी.एड. झालं, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींच्या खुर्चीवर बसली, तरी सकाळी कुणीतरी सोडायचं आणि संध्याकाळी कुणीतरी आणायचं, हे चालूच होतं. कधी ईश्वर, कधी भाऊ सिद्धांत, कधी ओळखीचा रिक्षावाला. पोरगी तोंडानं काही बोलत नसे, पण शाळा सुटल्यावर फाटकाशी कुबडी टेकून वाट बघणं तिला मनापासून नकोसं झालं होतं.

मग पुण्यात नोकरीला लागलेल्या सिद्धांतनं एक वापरलेली गाडी शोधून आणली. पांढरी, ऑटोमॅटिक. डाव्या पायाला कामच नाही. उजव्या पायानं रेस आणि ब्रेक, गेअर गाडीचे गाडीच बदलते. पहिल्या दिवशी अर्थातच ईश्वर मोठ्या ऐटीत चालवायला बसला. गाडी जरा पुढं गेली आणि त्याचा डावा पाय जन्माच्या सवयीनं क्लच शोधत खाडकन ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि मागं बसलेल्या त्याच्या बायकोचं, केसरबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"अवो, एसटी हाय का ही?" केसरबाई कपाळ चोळत ओरडल्या.

त्यानंतर ईश्वरनं पुन्हा कधी त्या स्टिअरिंगला हात लावला नाही. जड वाहनाचं लायसन बाळगणारा हा गडी शेजारच्या सीटवर बसू लागला आणि गाडी तेजश्री चालवू लागली. रिकाम्या मैदानात शिकली, मग गल्लीत, मग हमरस्त्यावर. ती स्वतः गाडी चालवत पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा ईश्वरनं वस्तीत पेढे वाटले, आणि पेढा देताना प्रत्येकाला सांगितलं, "आमच्या तेजूला कुणाची गरज न्हाय आता."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. पहिली चांगली होती. तेजश्रीला केंद्रप्रमुख म्हणून बढती मिळाली. मोहोळ तालुक्यातलं केंद्र. आता एका शाळेत बसून भागणार नव्हतं. गावोगावच्या, वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना भेटी द्यायच्या होत्या. बढतीचा कागद हातात देताना ऑफिसातले एक भले गृहस्थ म्हणाले होते, "मॅडम, फिरतीचं काम आहे. झेपणार नसेल तर नकार लिहून द्या. त्यात कमीपणा नाही." तेजश्रीनं हसून "बघते सर" म्हटलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील त्या सोमवारी रुजू व्हायचं होतं.

दुसरी गोष्ट सात रस्ता चौकात घडली. सिग्नल हिरवा झाला, तेजश्रीनं रेस दाबली, इंजिन वाघासारखं गुरगुरलं आणि गाडी मात्र गोगलगायीसारखी सरकू लागली. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. शेजारी बसलेल्या ईश्वरनं खिडकीतून हात काढून मागच्या सगळ्यांना "थांबा की रं!" म्हणून दटावलं, पण त्याचा कान गाडीच्या पोटाकडे लागला होता.

"घसरतंय," तो म्हणाला. "पर ह्यात क्लचच न्हाय, तर घसरतंय काय?"

चार ठिकाणी विचारून झालं. एकानं सांगितलं, हा गेअरबॉक्स इथं कुणी उघडत नाही. दुसरा म्हणाला, नवा बॉक्स मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. तिसऱ्यानं गाडी विकून टाकायचा सल्ला दिला, आणि चौथ्यानं प्रामाणिकपणे हात जोडले. ईश्वर घरी आला, चपला काढल्या आणि ओट्यावर उभा राहून त्यानं जाहीर केलं, "बॉक्स मी बांधनार."

शेजारचे महादेवप्पा भिंतीपलीकडे दात घासत होते. ते थुंकून म्हणाले, "अय्यो ईश्वरराव, ह्यो एसटीचा बॉक्स न्हवं. उघडला आन् परत लागला न्हाई, तर पोरीनं काय करायचं हो?"

"म्हादेवप्पा, मी उगडल्याला एक बी बॉक्स आजवर उगडा ऱ्हायल्याला न्हाय."

तेजश्रीला खरं तर भीती वाटत होती. पण बापाच्या हातावर तिचा भरवसा होता आणि दुसरा मार्गही नव्हता. तिनं या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक इंटरनेटवरून शोधून लॅपटॉपवर उतरवून घेतलं. पुस्तक इंग्रजीत. दिवाळीच्या सुट्टीत रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून ती बसायची, एकेक ओळ वाचायची, मराठीत सांगायची, आणि गाडीखालून ईश्वरचं "व्हय" किंवा "फुडं वाच" ऐकू यायचं. वस्तीत आकाशकंदील लागले होते, फटाके फुटत होते, आणि या घरात बाप-लेकीची शाळा भरली होती.

पहिला धडा त्याला फार आवडला. या गाडीत क्लच होते! एक नव्हे, अनेक. फक्त पायाखाली नव्हते, बॉक्सच्या पोटात होते, पातळ चकत्यांच्या थप्प्या करून. तेलाच्या दाबानं त्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि गेअर पडतो. दाब कमी झाला किंवा चकत्यांचं अस्तर झिजलं की पकड सुटते.

"म्हंजी बाई माझ्याच वळखीची हाय," ईश्वर म्हणाला. "नुसता पदर घेतल्याला."

त्यानं गाडी गरम करून तेल मापायची कांडी काढली. नवं तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. हे काळं पडलं होतं आणि त्याला करपलेला वास येत होता. खालचं झाकण उतरवलं तर तळाशी काळा चिखल साचलेला. ईश्वरनं तो दोन बोटांत चोळून बघितला आणि निकाल दिला. अस्तर जळून तेलात उतरलं आहे, बॉक्स खाली घ्यावाच लागेल.

बॉक्स खाली आला तो महादेवप्पांच्याच मदतीनं. तोंडानं नको नको म्हणणारा हा माणूस जॅकचा दांडा धरायला सगळ्यांत आधी हजर होता. ओट्यावर जुनी सतरंजी अंथरून ईश्वरनं एकेक भाग सुटा केला, आणि ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडत गेला. केसरबाईंना सक्त ताकीद होती की झाडू मारायचा नाही. तिसऱ्या गेअरच्या चकत्या निघाल्या त्या कोळशासारख्या काळ्या. रबराची सीलं तर इतकी कडक झाली होती की वाकवली की तुटत होती. सिद्धांतनं पुण्याहून नव्या चकत्या, सीलं आणि तेल पार्सलनं पाठवलं.

इथं बाप-लेकीचं पहिलं भांडण झालं. तेजश्रीनं वाचलं, "नव्या चकत्या बसवण्याआधी तेलात भिजत घालाव्यात."

ईश्वरनं सतरंजीवरून मान वर केली. "काय म्हनलीस?"

"तेलात भिजवायच्या, आबा."

"छापनारानं चूक केलीया. क्लच प्लेटीला तेलाचा थेंब लागला की प्लेट गेली. ह्ये मी पोरांना शिकीवलंय, कान पिळून शिकीवलंय."

"ती कोरडी प्लेट आबा, ही ओली. ही जन्मभर तेलातच असते."

ईश्वर चकती हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला. मग त्यानं केसरबाईंकडं परात मागितली, तीत लाल तेल ओतलं आणि एकेक चकती अशी सोडली की जणू आपल्याच हातानं आपली अब्रू बुडवतोय. महादेवप्पा ते बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता सगळ्यांत नाजूक काम राहिलं होतं. बॉक्सच्या तळाशी एक जाड चपटा ठोकळा असतो, आत नागमोडी नाल्या आणि त्यांतून मागंपुढं सरकणाऱ्या बारीक पोलादी दांड्या, ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. कुठल्या क्लचला तेल कधी द्यायचं, हे त्या दांड्या ठरवतात. तो ठोकळा धुऊन पुसायचा होता. तेजश्रीनं पुस्तकातली ओळ वाचली. कापडाच्या आधी एक इंग्रजी शब्द होता, तो तिला नीट लागला नाही. पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून ती सांगून मोकळी झाली, "स्वच्छ कापडानं पुसा."

"स्वच्छ?" केसरबाई म्हणाल्या. "थांबा."

केसरबाईंनी उमर टॉवेलच्या कारखान्यात काढली होती. माल तपासायला त्या होत्या, आणि त्यांच्या हाताखालून गेलेला टॉवेल कधी परत आला नाही, ही त्यांची बढाई. ती त्या ईश्वरएवढ्या मोठ्यानं मारत नसत, एवढाच फरक. त्यांनी ट्रंक उघडली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला घडीचा नवाकोरा गुलाबी टॉवेल काढून आणला.

"ह्ये घ्या. ह्याच्यापरीस स्वच्छ सोलापुरात काय मिळायचं न्हाय."

ईश्वरला बायकोचा अभिमान वाटला. जिथं गॅरेजवाले कळकट चिंध्या वापरतात, तिथं आपण लेकीच्या गाडीला घडीचा टॉवेल लावतोय! त्यानं प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक नाली त्या टॉवेलनं प्रेमानं पुसली, कोपरे काडीनं टॉवेल खुपसून पुसले, आणि बॉक्स बांधून गाडीला चढवला.

चाचणीला सगळी वस्ती लोटली. तेजश्री चालवायला, ईश्वर शेजारी. पहिला गेअर लोण्यासारखा पडला. दुसराही. रस्त्यावर येऊन वेग वाढला, आता तिसरा पडणार म्हणून ईश्वरनं डोळे मिटले आणि इंजिन पुन्हा मोकाट गुरगुरायला लागलं. गाडी पुढं जाईना. तिसरा पडतच नव्हता.

तेजश्रीनं गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून ती शांतपणे म्हणाली, "आबा, मी नकार लिहून देते. पुढच्या माणसाला तरी बढती मिळेल."

ईश्वरनं तिच्या हातांकडं बघितलं. पोरीनं आयुष्यात कधी त्याच्यासमोर हार मानली नव्हती, आणि आज मानली ती त्याच्या हातच्या कामामुळं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की वस्तीत परतताना त्यानं खिडकीची काच वर केली. त्या दिवशी तो जेवायलाही बसला नाही. पुण्याच्या दुकानदाराला, चकत्या बनवणाराला, पुस्तक छापणाराला शिव्या देऊन झाल्या, पण कुठलीच शिवी मनापासून निघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तेजश्रीच लॅपटॉप घेऊन बाहेर आली. रात्रीतून तिची निराशा ओसरली होती आणि आतली शिक्षिका जागी झाली होती.

"आबा, चकत्या नव्या. पहिला नीट पडतो, दुसरा नीट पडतो. म्हणजे पंप आहे, दाब आहे. फक्त तिसऱ्यालाच तेल पोचत नाही. मग कुणीतरी दार अडवलंय."

"दार म्हंजी व्हॉल," ईश्वर म्हणाला, आणि एवढ्यानंच त्याच्या अंगात जीव आला. ठोकळा काढायला अख्खा बॉक्स उतरवावा लागत नाही, खालचं झाकण काढलं की हात पोचतो. ऊन ओट्यावर यायच्या आत ठोकळा सतरंजीवर होता. ईश्वरनं त्याच्या दांड्या एकेक करून बोटानं सरकवल्या. एक अडली. त्यानं ती हळूच काढून उन्हात धरली. तिच्या कडेला काहीतरी बारीक चिकटलं होतं. त्याला चष्म्यातूनही दिसेना.

केसरबाई भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन वाकल्या. त्यांना बघताक्षणी कळलं. सगळं आयुष्य ज्याच्यात गेलं, ज्यानं नाक-डोळे भरले, डोक्यावरचा पदर पांढरा केला, ते त्यांना चष्म्याशिवाय ओळखू आलं.

"तूस हाय," त्या म्हणाल्या. "गुलाबी तूस. माझ्या टावेलचं."

नवा टॉवेल पहिल्या धुण्याआधी तूस, म्हणजे सुताचे बारीक तंतू सोडतो, हे सोलापुरातलं शेंबडं पोरगंही सांगेल. आणि या घरातल्या तिघांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. तेजश्रीनं घाईघाईनं पुस्तकातली ती ओळ काढली, अडलेला इंग्रजी शब्द शोधला आणि कपाळावर हात मारून घेतला. "'तूस न सुटणारं कापड' असं लिहिलंय आई. मी नुसतंच 'स्वच्छ' म्हणाले."

"आन् मी म्हणं घडीचा आनला!" केसरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "पोरीच्या कामात माझाच खोडा."

"कुनी रडायचं न्हाय," ईश्वर म्हणाला. आतापर्यंत त्यानं पृथ्वीवरच्या प्रत्येकाला दोष देऊन पाहिला होता, पण आता त्याचा आवाज बदलला. "शबूद कुनाचा का आसंना, टावेल कुनाचा का आसंना. पुसनारा हात माझा व्हता. बॉक्स ईश्वर फिटरनं बांधला व्हता, तर चूक बी ईश्वर फिटरचीच." आणि भिंतीकडं वळून, मुद्दाम मोठ्यानं, "म्हादेवप्पा! ऐकताय न्हवं? चुकलं माजं!"

"ऐकलं, ऐकलं," पलीकडून महादेवप्पा म्हणाले. त्यांना याच्यावर काहीतरी चिमटा काढायचा होता, पण या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द पहिल्यांदाच ऐकल्यामुळं तो त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला.

कपड्यांतल्या गोष्टी केसरबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी एक जुनी नायलॉनची साडी काढली, अनेकदा धुऊन गुळगुळीत झालेली, आणि तिचे चौकोनी तुकडे फाडले. प्रत्येक तुकडा खिडकीच्या उजेडाशी धरून, फुंकर मारून, टॉवेल तपासावा तसा तपासला, आणि मगच नवऱ्याच्या हातात दिला. ठोकळा पुन्हा पेट्रोलनं धुतला गेला. पुस्तकात खूण दिली होती. दांडी भोकात धरून सोडली, तर कुणी न ढकलता आपल्या वजनानं आत उतरली पाहिजे. ईश्वरनं पहिली दांडी सोडली. सुळकन गेली. दुसरी गेली. अडलेली ती दांडी हातात घेतल्यावर तिघंही पुढं वाकले. तीही सुळकन आत उतरली, आणि केसरबाईंनी टाळी वाजवली.

रविवारी सकाळी गाडी पुन्हा रस्त्यावर आली. या वेळी ईश्वरनं वस्तीत कुणाला सांगितलं नव्हतं. पहिला पडला, दुसरा पडला, तेजश्रीनं पाय जरा सैल केला, आणि तिसरा असा पडला की कळलाही नाही. चौथाही पडला. ती सात रस्ता चौकात गेली, मुद्दाम सिग्नलला थांबली, आणि हिरवा दिवा लागताच सगळ्यांच्या आधी निघाली. ईश्वरचे डोळे वाहत होते. "धूळ लई हाय," तो म्हणाला. खिडकी बंद होती.

सोमवारी तेजश्री आंघोळ करून, नवी साडी नेसून, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढं हात जोडून बाहेर आली, तर ईश्वर इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत आधीच बसलेला. मांडीवर पान्यांची पिशवी.

"आबा, हे काय?"

"येतो की मोहोळपतुर. पयला दिवस हाय. वाटंत कायतरी झालं तर?"

तेजश्रीनं कुबडी दाराला टेकवली. तिला बापाची माया कळत होती. पण आज केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांपुढं ती बापाचं बोट धरून उतरणार नव्हती. तिनं वाकून खिडकीतून विचारलं, "आबा, बॉक्स कुणी बांधलाय?"

"मी."

"मग वाटंत काय होईल?"

ईश्वरनं पिशवीतले पाने उगाचच खाली-वर केले. 'काही होईल' म्हणावं तर स्वतःच्या कामावर भरवसा नाही, आणि 'होणार नाही' म्हणावं तर गाडीत बसायचं कारण नाही. आयुष्यभर मारलेल्या सगळ्या बढाया एकदम अंगावर आल्या होत्या. तो पिशवी घेऊन मुकाट्यानं उतरला. दार हळूच लावून त्यानं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जा. साहेबीण हायस. उशीर करू नगं."

गाडी निघाली. पहिला. दुसरा. गल्लीच्या तोंडाशी वळून ती मोठ्या रस्त्याला लागली, आणि दिसेनाशी झाल्यावरही ईश्वर तसाच मान कलती करून, आवाजाकडं कान लावून उभा राहिला. मग त्यानं श्वास सोडला. तिसरा पडला होता.

महादेवप्पा टॉवेल खांद्यावर टाकून फाटकाशी आले. "हे काय ईश्वरराव? पोरीबरोबर गेला न्हाई? एवढ्या लांब एकलीच?"

ईश्वरनं इस्त्रीच्या शर्टाची बाही नीट केली. छाती अशी फुगली होती, की बटणं तुटायची बाकी होती.

"बॉक्स मी बांधलाय, गाडी ती चालवतीया," तो म्हणाला. "मधी आनिक कोन कशाला पायजे, म्हादेवप्पा?"